वाशीमचे कागदी अरण्य

बारावीच्या इंग्रजीला ८० गुण लेखी, २० तोंडी; ऐकणे त्या विसातच. वाशीमच्या शिकवण्यांनी दोन्हींची तयारी एकाच फीमध्ये बसवली आहे: सर सांगतात, पोरे ऐकतात आणि उतरवून घेतात. केवढी काटकसर! 'रिपोर्ट रायटिंग'ला वृक्षारोपणाचा एकच अहवाल पुरतो. कॉलेजच्या नावाची जागा तेवढी रिकामी सोडायची. प्रमुख पाहुणे तेच, रोपेही दरसाल पाचशेच. वन विभागाने आता उत्तरपत्रिकांची गणना करावी, ही नम्र सूचना. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला, पावसाकडे डोळे लावून बसणारा हा सोयाबीनचा जिल्हा घनदाट अरण्य निघेल. पेपरात अहवाल पाणीटंचाईवर आला, तरी आमचे पोर डगमगत नाही. प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते ते पाचशे टंचाया लावते आणि त्यांना रोज पाणी घालायची शपथही घेते.