स्पेशली एग्झॅमिन्ड

घड्याळं जमवणाऱ्या माणसाला वेळ विचारू नये. त्या घड्याळांच्या झाकणांवर रेल्वेची इंजिनं कोरलेली असतील तर मुळीच विचारू नये. आणि हा माणूस म्हैसुरात निवृत्त होऊन राहिलेला मराठी गृहस्थ असेल, तर आपल्याला संध्याकाळपर्यंत कुठं जायचं नाही ना, एवढं आधी पाहून घ्यावं.

हा गृहस्थ ओळखायला अवघड नाही. तरुणपणी नोकरीच्या निमित्तानं इकडं आला. सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेत, भाषा संस्थानात नाहीतर एखाद्या बँकेत हयात काढली. सरस्वतीपुरमला किंवा यादवगिरीत घर बांधलं आणि पुण्याला परत जायचं जायचं म्हणत इथंच राहिला. मराठी बोलताना मधूनच ‘हौदु, हौदु’ म्हणतो. लहानथोर सगळे त्याला काका म्हणतात, तेव्हा आपणही काकाच म्हणू. रेल्वेत मात्र काका कधीच नव्हते. ज्यांनी रेल्वेत तीस-पस्तीस वर्षं रात्रपाळ्या केल्या, त्यांना इंजिनाचं चित्र दिसलं की जांभई येते. इंजिनावर इतका जीव टाकायला माणूस लेखा विभागातलाच लागतो.

काकांची घड्याळं म्हैसूर सँडल सोपच्या रिकाम्या खोक्यांत असतात. त्यामुळे शंभर वर्षांचं स्विस घड्याळ बाहेर निघालं की नुकतीच आंघोळ करून आल्यासारखा वास सुटतो. खोकं टेबलावर येण्याआधी काकू न सांगता चहाचे कप उचलतात. मग जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा अंथरला जातो. काका घड्याळ आपल्या डाव्या तळहातावर ठेवून दाखवतात, तुमच्या हातात देत नाहीत. तुमचा हात पुढे आलाच तर ‘घाम’ एवढा एकच शब्द उच्चारतात. तुम्ही तो हात निमूटपणे मांडीखाली घालता.

झाकणावर इंजिन. पुढे गाय बाजूला सारायची लोखंडी जाळी, वर फुगीर तोंडाचं धुराडं आणि मागे अडीच डबे. अडीचच का, तर झाकण गोल आहे, तिसऱ्या डब्याला जागा उरली नाही. काका आधी चाकं मोजायला लावतात. ती मोजून झाली की म्हणतात, “आता धूर बघा. कुठं चाललाय?” धूर इंजिनाच्या पुढे चाललेला असतो. म्हणजे एक तर गाडी उलटी धावतेय, नाहीतर वारा गाडीपेक्षा जोरात आहे. या दोनांतलं खरं कोणतं, यावर काका अर्धा तास बोलू शकतात आणि बोलतात.

नंतर अंगठ्याचं नख पुढे येतं. ते काकांनी याच कामासाठी राखलेलं आहे. नख फटीत सरकतं, मागचं झाकण टक् करून उघडतं, आतलं मशीन दिसतं. त्याची टिकटिक स्वयंपाकघरात ऐकू जाईल इतकी खणखणीत. शेवटी घड्याळ उलटं करून तबकडी दाखवली जाते. तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं ‘रेल्वे टाइमकीपर’ आणि त्याखाली ‘स्पेशली एग्झॅमिन्ड’. कोणी एग्झॅमिन केलं, कधी केलं, पास झालं की नापास, यातलं काहीही लिहिलेलं नसतं.

खरी गोम इथंच आहे आणि ती काकांइतकी दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. जॉर्ज फ्रेडरिक रॉसकॉफ या घड्याळजीनं 1867 च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये मजुराला परवडेल असं घड्याळ काढलं. किंमत 20 फ्रँक. सुटे भाग कमी, आणि माणकांच्या जागी साध्या पोलादी पिना. घड्याळ चांगलं चाललं, खपलंही. मग ज्यानं त्यानं त्या धर्तीवर घड्याळं काढायचा सपाटा लावला, आणि स्वस्त मशीनला भारदस्तपणा यावा म्हणून झाकणावर इंजिन चढवलं. तो काळच तसा होता. वक्तशीर म्हणजे रेल्वे, हे तेव्हा लोक गंभीरपणे म्हणत असत. ही घड्याळं सावकारानं घेतली, मुकादमानं घेतली, मुलीच्या बापानं जावयासाठी घेतली. गार्डाच्या खिशात जाण्याची त्यांची लायकी नव्हती.

गार्डाचं घड्याळ कसं असावं, हे अमेरिका अपघातातून शिकली. एप्रिल 1891 मध्ये ओहायो राज्यात किप्टन इथं दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एका ड्रायव्हरचं घड्याळ मध्येच 4 मिनिटं बंद पडून आपलं आपण पुन्हा चालू झालं होतं, असं नंतर निघालं. त्यानंतर क्लीव्हलँडच्या वेब बॉल नावाच्या जवाहिऱ्याला रेल्वेनं घड्याळं तपासायला नेमलं. पुढे जे नियम पक्के झाले ते काका ‘आरती म्हणू या’ अशा सुरात म्हणतात: आठवड्याला 30 सेकंदांहून जास्त चूक नको, तबकडीवर झाकण नको, आकडे ठळक हवेत, चावी 12 च्या डोक्यावर हवी, माणकं निदान 17, आणि घड्याळ उभं, आडवं, पालथं असं पाच तऱ्हांनी ठेवून तपासलेलं हवं. इंजिनाच्या चित्राबद्दल या नियमांत अवाक्षर नाही.

आपल्याकडंही कंपनीनं माणसाला दिलेलं घड्याळ बोडकंच असायचं. मागे रेल्वेची आद्याक्षरं नि खाली नंबर, संपलं. काकांपाशी असं एकच आहे. त्यावर ‘एम. अँड एस. एम.’ अशी अक्षरं आहेत, म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे. बेंगळुरूहून म्हैसूरला येणारा संस्थानचा मीटर गेज मार्ग 1886 पासून सदर्न मराठा कंपनी चालवत होती, आणि 1908 साली ती मद्रास रेल्वेबरोबर एक झाली. हे सांगताना काकांची छाती अशी फुगते की कंपनीचं मुख्यालय शनिवारवाड्यात असावं. कंपनी लंडनची होती. मराठा होता तो फक्त नावात. पण सयाजीराव रोडवरून रोज भाजी आणणाऱ्या माणसाला परमुलखात तेवढाही आधार पुरतो.

हे घड्याळ काका सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून दाखवतात. पाहुणा ते सभ्यपणे पाहतो आणि विचारतो, “यावर इंजिन नाही का?” मुंजीच्या पंगतीत सख्ख्या काकाला ‘आपण कोण?’ विचारल्यावर त्याचा जसा चेहरा होतो, तसा काकांचा होतो. मुकाट्यानं ते पुन्हा धूरवालं घड्याळ काढतात.

एवढं सगळं कळत असताना ही खोटी घड्याळं का जमवता, असं कुणी तरी विचारतंच. काकांचं उत्तर तयार असतं. “खऱ्या घड्याळात पाहायला काय असतं? किती वाजले ते. खोट्यात बघा केवढी वस्ती आहे!” मला हे पटतं. काकूंना पटत नाही.

घड्याळं दुरुस्त करणारा देवराज मार्केटच्या अंगच्या गल्लीत, एका टेबलाएवढ्या दुकानात बसतो. काका पायरी चढले की तो डोळ्याचं भिंग न काढता म्हणतो, “क्या साब, फिर इंजिन लाए?” पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी उन्हात उभं राहून, घासाघीस करून आणलेलं रत्न काका त्याच्यापुढे ठेवतात. तो मशीन उघडतो, फुंकर घालतो आणि निकाल देतो, “इसमें गाडी हय साब, घडी नै.” कधी कधी तर मशीन एका घड्याळाचं, काटे दुसऱ्याचे आणि तबकडी गेल्याच पावसाळ्यात रंगवलेली, वर लाल इंजिन काढलेलं, असा प्रकार निघतो. जगभरचे संग्राहक असल्या मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. काकांना हे नाव प्रथम कळलं तेव्हा दिवाळीच्या गर्दीसाठी सोडलेली ज्यादा गाडी असावी असं वाटलं होतं. आता त्यांच्याकडं मुंबई स्पेशलचं एक वेगळं खोकंच आहे. फसलेली घड्याळं म्हणून नव्हे, ‘उपसंग्रह’ म्हणून.

वेळेचं म्हणाल तर काका तीन घड्याळं लावून ठेवतात. एक मद्रास टाइमवर, कारण 1906 सालच्या 1 जानेवारीला साऱ्या देशाची प्रमाणवेळ लागू होण्यापूर्वी रेल्वे मद्रासच्या वेळेनं चालत. ते आताच्या वेळेपेक्षा 9 मिनिटं मागं. दुसरं बॉम्बे टाइमवर, 39 मिनिटं मागं. मुंबईनं आपली वेळ 1955 पर्यंत हट्टानं जपली, याचा काकांना मराठी माणूस म्हणून अभिमान आहे. तिसरं खास म्हैसूरच्या सूर्याचं. रेखांशावरून काकांनी स्वतः काढलं, 23 मिनिटं मागं. संध्याकाळच्या फेरीत ते दोड्ड गडियारापाशी, म्हणजे 1927 सालच्या कन्नड आकड्यांच्या मनोऱ्यापाशी थांबतात, खिशातून साखळी ओढतात, वर बघतात, खाली बघतात आणि मनोऱ्याला माफ करून चिक्क गडियाराकडं, म्हणजे धाकट्या मनोऱ्याकडं वळतात.

पाहुणे आले की काका त्यांना 1979 साली सुरू झालेल्या रेल्वे संग्रहालयात नेतात. पाहुणे महाराणींच्या सलूनपुढं फोटो काढत असतात, तेव्हा काका भिंगातून इंजिनांची चाकं आपल्या झाकणांशी ताडून बघतात. आजवर एकही जुळलेलं नाही. दोष अर्थात संग्रहालयातल्या इंजिनांचा.

दादरहून शरावती एक्स्प्रेसनं कुणी येणार असलं की काका स्टेशनवर हजर. गाडी फलाटाला लागताना सगळे डब्यांचे नंबर शोधतात, काका शेवटच्या डब्याकडं धावतात. त्यांना गार्डाच्या हातात घड्याळ बघायचं असतं. गार्ड मोबाइल बघत असतो. शिवाय जानेवारी 2022 पासून तो गार्डही राहिलेला नाही, रेल्वेनं त्याला ट्रेन मॅनेजर केलं आहे. काका घरी येईपर्यंत पाहुण्याशी एक शब्द बोलत नाहीत.

घरात काळ मोजण्याचं काम प्रत्यक्षात करतं ते स्वयंपाकघरातलं प्लास्टिकचं घड्याळ. मुदत ठेवीवर एका बँकेनं भेट दिलेलं, खाली बँकेचा पत्ता, वर सेल घालायला खाच. वर्षातून एकदा सेल बदलला की ते बिनबोभाट चालतं. रोज रात्री साडेनऊला काका तिन्ही घड्याळांना चावी देतात. त्याआधी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन येतात. काकूंना हे माहीत आहे. त्या एवढंच म्हणतात, “त्याला बिचाऱ्याला कुणी एग्झॅमिन केलं नाही, म्हणून चालतंय.”

तुमच्या घरी आजोबांचं खिशातलं घड्याळ ट्रंकेत पडलेलं असेल, तर चार गोष्टी सांभाळा. त्याला पितळ घासायची पूड लावून घासू नका, झाकणावरचं इंजिन आधी झिजतं. आत खोबरेल तेल सोडू नका, थंडीत मशीन गोठतं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या घड्याळाला जोर लावून चावी देऊ नका, आधी साफ करून घ्या. मागे इंजिन कोरलेलं असलं तर मुलांना खुशाल दाखवा. नुसती अक्षरं आणि नंबर असला, तर मात्र ते कुलपात ठेवा. काकांना दाखवायचं असेल तर जरूर म्हैसूरला घेऊन जा. फक्त परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढा.