शांततेवर अठरा टक्के

शांतता आता दुकानात मिळते आणि तिच्यावर अठरा टक्के जीएसटी लागतो. हेडफोनच्या खोक्यावर 'नॉइज कॅन्सलिंग' छापलेलं दिसलं की आपण समजायचं, जगात नकोसं जे जे वाजतंय ते आता गप्प बसणार. जाहिरातीतल्या मुलीचा तरी तसा पक्का समज दिसतो. भर चौकात ती डोळे मिटून उभी असते, आजूबाजूच्या गाड्या आणि माणसं धूसर, आणि चेहऱ्यावर नुकतीच इगतपुरीहून दहा दिवसांचं मौन पाळून परतल्याचं तेज. आमच्यासारख्या डोंबिवली ते सीएसएमटी करणाऱ्या बायकांना ही मुलगी लगेच पटते. तिच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाची पर्स रेललेली नसते, एवढी एक गोष्ट सोडली तर.

खरेदीला मी लॅमिंग्टन रोड गाठला. विकणारा मुलगा चुणचुणीत होता. "मॅडम, कानात घालायचे दाखवू की कानावरून?" हा त्याचा पहिला प्रश्न, आणि खरं तर सगळ्यात अवघड. कानात घालायचे इअरबड लहान आणि हलके असतात, पण लोकलमधून उतरताना त्यातला एक निसटून फलाटाच्या फटीत गेला की उरलेला आपलं आयुष्य डबीत एकट्याने काढतो. कानावरून घालायचे अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतात आणि सगळा कान उशीत घेतात. मात्र ते बनवणाऱ्यांनी जो कान डोळ्यांसमोर ठेवला, तो साधा, मोकळा कान होता. त्याच्यावर चष्म्याची दांडी नव्हती आणि मोत्यांची कुडी नव्हती. दांडी उशीला जिथे उचलते तिथून बाहेरचा आवाज सुखेनैव आत शिरतो. कुडीचं मळसूत्र ठाणं यायच्या आत कानामागे रुतायला लागतं. वर बुगडी असेल तर विषयच संपला. अंबाडा जरा उंच बांधला की पट्टा पुढे सरकून कपाळावर येतो. भिकबाळी घालणाऱ्या पुणेकराने काय करायचं, ते त्याने त्याच्या पातळीवर ठरवावं.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात सहसा नसते. त्या उशांवरचं जे कातडं वाटतं ते बहुतेकदा कातडं नसतं, पॉलियुरेथेन असतं. आपल्या दमट हवेत काही पावसाळे काढले की त्याचे पापुद्रे सुटतात आणि खांद्यावर काळा कोंडा पडायला लागतो. म्हणून बॅटरी तीस तास चालते की चाळीस, हे विचारण्याआधी उशा बदलून मिळतात का ते विचारावं. तीस तासांत डोंबिवलीची बाई आठवडाभर ये-जा करून वर रविवारची झोपही काढते.

दुकानात ते कानावर चढवले, मुलाने बटण दाबलं आणि एसीचं घुमणं एकदम थांबलं. मी त्याच्याकडे पाहिलं, तो माझ्याकडे पाहून हसला. हे हसू त्याला नेहमी उपयोगी पडत असणार, कारण या यंत्राचं कसब दिसायला एसीच्या दुकानाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. घ्यायचेच असतील तर विकणाऱ्याला विचारून दारात उभं राहावं. मी राहिले. हातगाडीवाल्याचं "बाजू, बाजू!" बिनधोक आत आलं. मागच्या टेंपोच्या इंजिनाची घरघर तेवढी गेली होती, त्यामुळे ते "बाजू" आणखीच ठसठशीत ऐकू आलं.

यात दुकानदाराची लबाडी नाही. यंत्राचा स्वभावच तसा आहे. हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला बारीक मायक्रोफोन असतात. कानापर्यंत पोचण्याआधी ते आवाज टिपतात आणि आतली चिप त्या लाटेची बरोबर उलटी लाट तयार करते. उंचवट्याला खड्डा, खड्ड्याला उंचवटा, आणि दोन्ही एकमेकांत विरतात. आतल्या बाजूचा आणखी एक मायक्रोफोन उरलंसुरलं ऐकून दुरुस्ती करत राहतो. सगळी करामत वेळ साधण्याची. हलत्या झोपाळ्याला नेमक्या क्षणी हात लावला तर तो थांबतो, क्षण चुकला तर आपणच त्याला आणखी झोका देऊन बसतो. १०० हर्ट्झच्या घुमण्याची एक लाट हवेत जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते, तिच्याशी जमवून घ्यायला चिपला सवड मिळते. ३००० हर्ट्झच्या तीक्ष्ण आवाजाची लाट जेमतेम साडेअकरा सेंटिमीटरची आणि सेकंदाच्या तीन हजाराव्या भागात उरकणारी. तिथे जरासा अंदाज चुकला तर आवाज कमी व्हायचा सोडून वाढायचा. म्हणून शहाणं यंत्र त्या भानगडीत फारसं पडतच नाही. वरच्या पट्टीतले आवाज अडवायचं काम उशीकडे सोपवलेलं असतं, आणि कुडीपुढे उशीचं काय चालतं ते वर आलंच आहे.

तेव्हा जे एकसुरी आहे, पुढच्या क्षणीही तसंच वाजणार आहे, ते या यंत्राच्या तावडीत सापडतं. पंखा, एसी, इंजिन, चाकं. आणि सुटतं कोण? कुकरची शिट्टी, हॉर्न, शेजारचं तान्हं बाळ आणि बोलणारा माणूस. माझा साधा प्रश्न आहे, पंख्याने मला कधी छळलं होतं?

अर्थात ज्यांच्यासाठी हे घडलं त्यांना पंखेच छळत होते, तेही विमानाचे. उलट्या लाटेची कल्पना जुनी. पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाने १९३३ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३६ मध्ये त्याला अमेरिकेतलं पेटंट मिळालं. कागदावर सगळं बरोबर होतं, फक्त ते नीट करून दाखवेल असं इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा नव्हतं. मग १९७८ मध्ये अमर बोस झुरिकहून बॉस्टनला निघाले होते. त्यांचे वडील नोनी गोपाल बोस इंग्रज सरकारच्या विरोधात क्रांतिकारकांत सामील झालेले आणि त्यापायी कलकत्ता सोडून अमेरिकेला गेलेले. मुलगा एमआयटीत प्राध्यापक आणि स्पीकरच्या कंपनीचा मालक. विमानात गाणी ऐकायला हेडफोन मिळाले, ते लावले, तर इंजिनाच्या घोंघावण्यात गाणं कुठल्या कुठे बुडालं. दुसऱ्या कुणी हवाई सुंदरीला बोलावलं असतं. यांनी कागद काढला आणि त्याच प्रवासात आकडेमोड सुरू केली.

त्या आकडेमोडीची खरी परीक्षा १९८६ मध्ये झाली. डिक रुटान आणि जीना येगर यांनी 'व्हॉयेजर' हे विमान कुठेही न उतरवता, वाटेत इंधनही न भरता पृथ्वीभोवती फिरवून आणलं. नऊ दिवस लागले. शेजारीच धडधडणाऱ्या इंजिनांपासून त्यांचे कान वाचवायला बोस यांच्या कंपनीने केलेले असे हेडसेट होते. वैमानिकांना ते १९८९ पासून विकत मिळू लागले, तुमच्याआमच्यासाठी त्या कंपनीचे यायला २००० साल उजाडलं. व्हॉयेजरमध्ये मिळून माणसं दोन. चौथ्या सीटसाठी "जरा सरकून घ्या ना" म्हणणारं तिसरं कुणी नव्हतंच. या यंत्राला माणसाचं बोलणं अडवायची सवय लागली नाही, त्याचं मूळ मला तिथे सापडतं.

लोकलमध्ये ते चालू केले की काय होतं, ते सांगते. दिवा मागे पडतं, गाडी वेग घेते. चाकांची खडखड, मोटरचा चढता सूर, डोक्यावरच्या पंख्यांची घरघर, सगळं हळूच खाली बसतं. आणि इतकी वर्षं या सगळ्याच्या खाली दबलेला लेडीज डबा वर येतो. शास्त्राला धरून बोलायचं तर बोलणी आधीपेक्षा जरा हळूच ऐकू येतात, पण त्यांच्यावरचा खडखडाटाचा थर निघाल्याने शब्द लख्ख कळतात. कोपऱ्यातली बाई मटार सोलतेय, शेंग फुटल्याचा टच्‌ कळतो. "क्लिपा दहा, टिकल्या दहा" दोन दारं पलीकडून कळतं. समोरच्या दोघी आवाज खाली आणून वहिनीबद्दल बोलत असतात, त्यातली वहिनी स्वच्छ कळते. माणसांपासून सुटका म्हणून पैसे मोजावेत आणि तीच माणसं धुऊनपुसून समोर आणून ठेवलेली मिळावीत, हा सौदा वाईट आहे असं मला अजून ठामपणे म्हणवत नाही.

गाणी ऐकणाऱ्यांना मात्र याचा निखळ फायदा. खडखडाटावर मात करायला आवाज वाढवावा लागत नाही, आणि कानांचं भलं त्यातच असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना ८० डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला चाळीस तास, एवढी मुभा देते. आमच्या गाडीत तेवढा खडखडाटच फुकट मिळतो, गाणं त्याच्यावर चढवायचं असतं. रस्ता ओलांडताना आणि रुळांच्या आसपास मात्र हे गळ्यातच असावेत. तिथल्या घरघरीत आपल्या जिवाची बातमी असते.

घरी यांचे प्रताप निराळे. नागपूरची बहीण फोनवर म्हणाली, "एवढे महागाचे घेतलेस ना गं, मग तुझ्या कुकरच्या शिट्ट्या मला का ऐकू येतात?" तिला समजावलं की शांतता मी माझ्या कानापुरती घेतली आहे. पलीकडच्या माणसाला माझ्या घरातलं काय ऐकू जावं, ते बोलण्याच्या मायक्रोफोनचं खातं, त्याची हुशारी वेगळी तपासून घ्यावी लागते. "म्हणजे तू आरामात आणि शिट्ट्या मी मोजायच्या?" असं ती म्हणाली, आणि तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद करायची आठवणही तिनेच केली.

गाणं न लावता, रात्री सगळे झोपल्यावर ते नुसते घालून बसावं तर आपणच वाजायला लागतो. अमेरिकन संगीतकार जॉन केज १९५१ च्या सुमाराला हार्वर्डमधल्या एका खोलीत गेला होता, जिच्या भिंती सगळा आवाज पिऊन टाकतात. तिथेही त्याला दोन आवाज ऐकू आले, एक उंच, एक खालचा. तिथल्या इंजिनीअरने सांगितलं की उंच आवाज तुमच्या मज्जासंस्थेचा आणि खालचा रक्ताभिसरणाचा. त्यानंतर त्याने चार मिनिटं तेहतीस सेकंदांची, एकही सूर न वाजवण्याची रचना केली. मी हेडफोन घालून बसले तेव्हा पोह्यांचा चिवडा खात होते. कान झाकलेले असले की आपल्या जबड्याचा आवाज बाहेर न जाता आतच घुमतो, आणि त्यात शेंगदाणा आला की कुठल्याही रचनेचा विचार मनात येत नाही.

गणपतीत तर यंत्राची परीक्षा पाहूच नये. ढोल खालच्या पट्टीतला खरा, पण तो घुमत नाही, ठोकतो. पुढचा ठोका चिपला कळेपर्यंत पडून गेलेला असतो. ताशा तर वरच्या पट्टीतला, तो तिच्या हद्दीतच येत नाही. डीजे आला की आवाज कानाने ऐकायचा राहतच नाही, तो खिडकीच्या काचा आणि छातीच्या फासळ्या ऐकतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीच झाले, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, दहाच्या पुढे लाऊडस्पीकर बंद. त्यातच सणासुदीला वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येण्याची सोय आहे. हे पंधरा दिवस आपल्या गल्लीला पुरत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा ज्याने त्याने आपापल्या कानांचं शांतता क्षेत्र विकत घ्यावं असा आता रिवाज पडतो आहे, आणि त्यावरही सरकार कर घेतं, याचं मला कौतुक वाटतं.

ऑफिसातली तरुण मंडळी हे मोठे हेडफोन पाटीसारखे वापरतात. 'कामात आहे, बोलू नये.' आत काही वाजत नसलं तरी पाटी चालते. आमच्या डब्यात ती कुणी वाचत नाही. खांद्यावर टकटक होते आणि "तुम्ही कुठे उतरणार?" हा प्रश्न खुणेने विचारला जातो. खुणेने, एवढीच काय ती पाटीला दिलेली मान्यता. उलट हेडफोनवाल्यांच्याच आवाजाने डबा दणाणतो. आपला आवाज आपल्याला धड ऐकू येईना की माणूस नकळत वरच्या पट्टीत जातो. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरने गोंगाटाच्या संदर्भात हे १९११ मध्येच नोंदवून ठेवलंय. परवा एक मुलगी आईला कुजबुजल्याच्या आविर्भावात सांगत होती की मुलगा बरा आहे, पण त्याचे कान फार मोठे आहेत. घाटकोपरला उतरणाऱ्या बायकांनीही जाता जाता तिला आशीर्वाद दिले.

मी हल्ली गाणं लावत नाही. बटण दाबते आणि समोरच्या खिडकीपाशी बसणाऱ्या ताईंच्या सासरची चिपळूणकडची जमीन ऐकते. सासरे गेले, दीर सगळं एकत्रच ठेवू म्हणतायत, नणंद हक्कसोडपत्रावर सही करत नाही. गेल्या आठवड्यात प्रकरण तहसीलदारांपर्यंत पोचलं होतं आणि मला शनिवार-रविवार कसेबसे काढावे लागले. काल त्या मैत्रिणीला सांगत होत्या की नणंद आता कोर्टात जाणार म्हणते. सांगता सांगता थांबल्या, वाकून त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि खुणाबिणा न करता म्हणाल्या,

"अहो ताई, मघापासून बघतेय. मान तुम्ही गाण्याच्या तालावर नाही, माझ्या बोलण्यावर हलवताय. ऐकलंयत ना सगळं? मग आता सांगाच, आम्ही करायचं काय?"

मी हेडफोन गळ्यात उतरवले. चाकांचा खडखडाट धाडकन परत आला, त्यामुळे मला जरा ओरडूनच विचारावं लागलं, "आधी मला सांगा, सातबाऱ्यावर तिचं नाव चढलंय का?"