माशांचे खातेवाटप

मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत माशांचे वर्गीकरण त्यांचे पर, खवले, दात आणि जबड्याची ठेवण यांवरून केलेले आढळते. नागपूर जिल्ह्यातील पेंच नदीच्या अभ्यासकाला मात्र ही पद्धत अपुरी पडते, कारण या नदीत मासा कोणत्या जातीचा आहे यापेक्षा तो कोणत्या खात्याच्या पाण्यात पोहत आहे, यावरच त्याचे स्वरूप, हक्क आणि मरणाची रीत ठरते. तोतलाडोह जलाशयातील मासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखाली वन्य प्राणी असून त्याला जाळ्यात घेणे म्हणजे शिकार होय. तोच मासा राखीव क्षेत्राबाहेरच्या तलावात सापडला तर मत्स्यव्यवसाय खात्याचे उत्पादन ठरतो आणि किलोवर मोजला जातो. हौशी गृहस्थाने परदेशी बनावटीच्या काठीने त्याला गळाला लावले तर तो क्रीडाप्रकारात मोडतो. आणि वीजगृहाच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी जाळीवर तो आपटला तर त्याची दखल घेणे कोणत्याच खात्याच्या कक्षेत बसत नसल्याने प्रशासकीयदृष्ट्या तो अस्तित्वातच नसतो. 1758 साली प्राणिसृष्टीची मांडणी करणाऱ्या लिनिअसला ही सोपी युक्ती सुचली नाही, याचे कारण स्वीडनमध्ये त्या काळी पाटबंधारे खाते नसावे.

खातेवाटपाचा हा सिद्धान्त तोतलाडोहवर जितका स्वच्छ दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल. महाराष्ट्राच्या बाजूचे पेंचचे जंगल 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि सुमारे दशकभरानंतर त्याच जंगलाच्या पोटात तोतलाडोहचे धरण उभे राहून प्रत्येकी 80 मेगावॉटचे दोन संच फिरू लागले. त्यांच्या विजेचा दोन-तृतीयांश वाटा मध्य प्रदेशाकडे आणि एक-तृतीयांश महाराष्ट्राकडे जातो. नदीचा जलाशय झाला, गावे उठली आणि नदीत मासे धरून पोट भरणाऱ्या आदिवासी कुटुंबांपुढे असा पेच उभा राहिला की पाणी पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढले असले तरी त्यात हात घालणे आता गुन्हा होता. मध्य प्रदेश सरकारने अशा 305 कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले, त्याला आव्हान मिळाले आणि मार्च 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विस्थापितांची उपजीविका व वन्यजीवांचे रक्षण यांचा तोल साधत कडक अटींवर हे परवाने राहू दिले. छायाचित्रासह ओळखपत्र, ठरलेल्या वाटेनेच ये-जा, जलाशयाच्या काठी चूल पेटवण्यास मनाई, तपासणी नाके आणि रोज पकडलेल्या माशांची नोंद, असे त्या अटींचे साधारण स्वरूप होते.

या अटींमागील तर्क निर्विवाद आहे, कारण नायलॉनच्या जाळ्यात कासवे व मगरी अडकू शकतात आणि चुलीची ठिणगी वणवा लावू शकते. तथापि ज्ञानशाखेच्या प्रगतीसाठी याच अटी त्या दोन संचांनाही लावून पाहिल्या असत्या, तर फार मोलाची माहिती हाती आली असती. संचाने छायाचित्रासह ओळखपत्र जवळ बाळगावे, पाणी ठरलेल्या वेळी व ठरलेल्या वाटेनेच सोडावे आणि दिवसभरात पात्यांमधून किती मासे गेले, त्यांपैकी किती जिवंत बाहेर पडले, याची वही रोज संध्याकाळी नाक्यावर दाखवावी, अशी तरतूद झाली असती तर डोंग्यातून कांडी जाळे टाकणारा ढीवर आणि हजारो घनमीटर पाणी गिळणारे जनित्र यांच्यात कायद्यापुढील समानता प्रस्थापित झाली असती. तसे झाले नाही, कारण शिकारीला शिकारी लागतो, आणि जनित्राला हात, जाळे किंवा जातीचा दाखला यांपैकी काहीच नसते.

पात्यांमधून जाणाऱ्या माशाचे नेमके काय होते, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. बहुतेक अस्थिमत्स्यांच्या पोटात हवेची पिशवी, म्हणजे वाताशय, असते आणि तिच्यातील वायू कमी-अधिक करून मासा हव्या त्या खोलीवर तरंगतो. जलाशयाच्या तळाकडील दाबातून तो क्षणार्धात यंत्रापलीकडच्या कमी दाबात फेकला गेला, की ही पिशवी फुगते आणि कित्येकदा फुटते. पात्याचा फटका बसला नाही तरी हा दाबबदल पुरेसा असतो. जे मासे या वाटेने कधीच जात नाहीत त्यांनाही वीजनिर्मितीचा लाभ मिळतोच, कारण उन्हाळ्यात खोल जलाशयाच्या पाण्याचे थर पडतात, तळाचे पाणी थंड व प्राणवायूला पारखे होते आणि पाणी तळाकडून घेतले जात असेल तेथे खालच्या नदीला नेमके तेच मिळते. शिवाय जलविद्युत संच हे मागणी चढली की चालू आणि उतरली की बंद करण्याच्या सोयीचे असल्याने खालच्या पात्रातील पाणी दिवसातून अनेकदा वर-खाली होऊ शकते. उथळ कडेला घातलेली अंडी सकाळी पाण्यात आणि दुपारी उन्हात असतात. नदीच्या माशांनी लाखो वर्षे पावसाळ्याचे वेळापत्रक पाठ केले, ही त्यांची चूक म्हणावी लागेल, कारण आता पूर येतो तो दूरदर्शन संच, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी सुरू होतात म्हणून.

पहिल्या पुरासोबत प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालण्याची अनेक माशांची रीत आहे आणि चढणीचे मासे ठाऊक नाहीत असे गाव महाराष्ट्रात विरळा. पेंचचे पाणी कन्हानला, कन्हानचे अंभोऱ्याच्या संगमावर वैनगंगेला, वैनगंगेचे प्राणहितेला आणि प्राणहितेचे सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते, म्हणून एखाद्या जिद्दी माशाने गोदावरीतून पेंचच्या उगमाकडे जाण्याचे ठरवलेच, तर त्याच्या वाटेत मेडीगड्डा, चिचडोह, गोसीखुर्द, नवेगाव खैरी, तोतलाडोह आणि छिंदवाडा जिल्ह्यातील चौराई अशी धरणांची व बंधाऱ्यांची माळ उभी आहे. गोसीखुर्दची कोनशिला 22 एप्रिल 1988 रोजी बसली आणि त्यानंतर माशांच्या कित्येक पिढ्या होऊन गेल्या तरी कामे संपेनात, यावरून या प्रकल्पाने माशांना मार्ग बदलण्यासाठी पुरेसा अवधी दिला नाही, असा आरोप कोणालाही करता येणार नाही. धरणाच्या कडेने पायऱ्यापायऱ्यांची जलवाट बांधून मासे वर नेण्याची पद्धत उत्तर अमेरिकेत व युरोपात रुळलेली आहे. ती मुख्यतः उड्या मारणाऱ्या सामन माशासाठी घडली, त्यामुळे ती आपल्या तळाने सरपटत चढणाऱ्या वाम माशाला तशीच चालेल असे नाही, हे खरे. वेगळी वाट कोणती हवी, हे शोधण्याऐवजी आपल्याकडे माशाने चढूच नये यासाठी बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्ले, वरून जलाशयांत सोडण्याचा मार्ग पत्करण्यात आला आणि त्यांत कटला, रोहू, मृगळ या प्रामुख्याने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांना अग्रक्रम मिळाला. हीरालाल चौधरी यांनी 1957 मध्ये संप्रेरकांच्या साहाय्याने या माशांची बंदिस्त पैदास साध्य केली, ही भारतीय विज्ञानाची मोठी कामगिरी होय. नदी नसली तरी चालते, असा निष्कर्ष त्यातून काढणे ही प्रशासनाची स्वतंत्र कामगिरी होय.

गळाने मासे धरण्याच्या हौशीचा विचार याच संदर्भात करावा लागतो. मासा पकडून, छायाचित्र काढून, परत पाण्यात सोडणे ही या हौशीची आधुनिक आचारसंहिता असून तिच्यामुळे मासा मरत नाही, असे मानले जाते. प्रत्यक्षात झुंजीने थकलेल्या माशाला हवेत जितका वेळ धरावे आणि पाणी जितके उबदार असावे तितकी त्याची जगण्याची शक्यता घटते, आणि चांगले छायाचित्र हे बहुधा उन्हात व सावकाश निघते. असे असूनही गळवाल्यांच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. कर्नाटकात कावेरीकाठच्या गलीबोरे येथील गळवाल्यांच्या छावणीत 1998 ते 2012 या काळात पकडलेल्या माशांची जी टिपणे ठेवली गेली, त्यांवरूनच संशोधकांनी दाखवून दिले की महसीर या माशाची एकूण संख्या वाढती दिसत असताना तेथील मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महसीर मात्र नाहीसा होत चालला होता; 2018 मध्ये या जातीचा समावेश अतिसंकटग्रस्त यादीत झाला. जी वही कोणत्याही खात्याने ठेवली नाही ती करमणुकीसाठी आलेल्या मंडळींनी ठेवली, आणि तेथील अभयारण्यातील गळ बंद झाल्यावर ती वहीही बंद झाली.

त्या मूळ रहिवाशाची जागा ज्या निळसर परांच्या महसीरने घेतली, त्याची कुळकथा मराठी वाचकांच्या विशेष आस्थेची आहे. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये या माशाचे शास्त्रीय वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून. पुढे त्याच मुळेवर मुळशीचे धरण झाले, त्याविरुद्ध सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, आणि घाटावरचे पाणी कोकणात पाडून वीज करणाऱ्या टाटांच्या कंपनीनेच 1970 च्या दशकापासून लोणावळ्याजवळ या माशाची पैदास करून त्याची पिल्ले दूरदूरच्या राज्यांना पुरवली. एका जातीला वाचवण्याच्या सद्हेतूने केलेले हे काम दुसऱ्या जातीच्या मुळावर आले, असे संशोधक आज मानतात. पुण्याच्या रहिवाशाने परप्रांतात जाऊन तेथील स्थानिकाची जागा बळकावली, याचे आश्चर्य निदान नागपूरकरांना तरी वाटण्याचे कारण नाही.

वीज स्वच्छ की अस्वच्छ, हा प्रश्नही आता शासकीय पातळीवर निकाली निघाला आहे, कारण मार्च 2019 मध्ये केंद्र सरकारने 25 मेगावॉटहून मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये, वर चौराईत पाणी अडलेले आणि पाऊस लांबलेला असताना, तोतलाडोह तळाला गेले आणि नागपुरात दिवसाआड पाणी आले; नवीकरण कोणाचे व्हायचे होते, हे मात्र आदेशात स्पष्ट केलेले नव्हते. कोळशाच्या विजेची बाजू घेण्याचाही मोह आवरावा लागतो, कारण जुलै 2022 मध्ये कोराडीच्या औष्णिक केंद्राचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला आणि राख कोलार नदीतून कन्हानमध्ये पोहोचली. माशाच्या दृष्टीने पाहता एक वीज त्याला वरून खाली फेकते आणि दुसरी त्याच्यावर राख टाकते, एवढाच दोहोंत फरक उरतो.

राहता राहिला अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या प्रदेशाचे देणे, जे 1984 मध्ये दांडेकर समितीने आकडे मांडून दाखवले होते. समितीने सिंचन, रस्ते, शाळा सारे मोजले, पण मासे मोजले नाहीत, आणि 2023 मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून पापलेट जाहीर झाले तेव्हा ज्या विदर्भाला समुद्रच नाही त्याच्या वाट्याला काय आले, असा प्रश्न हिवाळी अधिवेशनातही उपस्थित होऊ शकतो. विभागासाठी वेगळा मासा निवडायचा झाल्यास मरळ ही सर्वांत सुरक्षित उमेदवार ठरेल. तिला पुरात लांबवर चढावे लागत नाही. हवेतून थेट श्वास घेण्याची सोय असल्याने प्राणवायू नसलेल्या, नाग नदीच्या सांडपाण्याने काळवंडलेल्या डबक्यातही ती तग धरू शकते. पिल्लांची राखण नर-मादी स्वतःच करत असल्याने बोटुकली सोडण्याचा खर्च वाचतो, आणि गळाला ती सहज लागते म्हणून पर्यटनालाही वाव राहतो. अशा माशासाठी ऊर्जा, वन, मत्स्यव्यवसाय आणि पाटबंधारे यांपैकी कोणत्याही खात्याला काहीही करावे लागणार नसल्याने तिची निवड एकमताने होण्यास अडचण येऊ नये.