जरा उठू द्या

लग्नपत्रिकेचा मजकूर घरात ठरतो, पण ती छापायला टाकायचं काम आमच्याकडे तात्यांचं. 'आहेर आणू नये' लिहायचं की नाही यावर आत्या आणि काकू अजून हुज्जत घालत असतात, तोवर तात्या पिशवी घेऊन अप्पा बळवंत चौकाकडे निघालेले असतात. मला कॉम्प्युटर कळतो असा त्यांचा समज असल्यामुळे मीही बरोबर. डीटीपीच्या दुकानात शिरल्या शिरल्या ते ऑपरेटर ताईंच्या शेजारचं स्टूल ओढतात, चष्मा कपाळावर चढवतात, पडद्यापासून वीतभरावर नाक नेतात आणि म्हणतात, "छान झालंय ताई. पण जरा उठू द्या."

उठू द्या म्हणजे ठळक करा. ठळक झालं की पुढची फर्माईश, "आता थोडं तिरकं." सरळ अक्षर नुसतं उभं असतं, तिरकं अक्षर निघालेलं असतं, हा तात्यांचा सिद्धान्त. पुरावे रस्ताभर पडलेले. ट्रान्सपोर्टवाले, कुरिअरवाले, ट्रॅव्हल्सच्या बस, कबड्डीच्या सामन्यांचे फ्लेक्स, झालंच तर 'भव्य सेल'. "सगळे कसे पुढं झुकलेत बघ. आणि आपल्या बँकेची पाटी? सरळ. पैसे द्यायची घाई नाही ना त्यांना!"

यात तथ्य नाही असं नाही. दोन-तीनच शब्द, लांबून आणि घाईत वाचायचे, तिथं जाड तिरकं अक्षर काम करतं. पण तात्या ते 'श्री गणेशाय नमः'पासून 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत सरसकट लावतात, आणि त्यामागं गणित नात्यांचं असतं. थोरल्या आजोबांचं नाव ठळक केलं, मग धाकट्यांनी काय घोडं मारलंय? मामांचं केलं तर आत्याच्या सासरचे काय म्हणतील? एकदा ताई न राहवून म्हणाल्या, "काका, सगळंच ठळक केलं तर उठून काय दिसणार?" तात्यांनी क्षणभर विचार केला. "बरोबर आहे तुमचं. मग साइज वाढवा."

मी एकदा इतिहासाचा मारा करून पाहिला. हे तिरकं अक्षर मुळात उठून दिसण्यासाठी जन्मलंच नव्हतं. व्हेनिसच्या आल्डस मानुशियसनं ते फ्रान्चेस्को ग्रिफोकडून कोरून घेतलं आणि १५०१ साली व्हर्जिलचं छोटं, हातात मावणारं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यातच छापलं, वगैरे. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "अख्खं पुस्तक तिरकं?" ते म्हणाले. "माणूस दर्दी होता."

रोमन लिपीतलं तिरकं अक्षर हाताच्या वळणातून आलं. देवनागरीत अशी वेगळी जात परंपरेनं आलेली नाही. बटण दाबलं की कॉम्प्युटर बहुतेक वेळा उभ्या अक्षरालाच कुशीवर ढकलतो. शिरोरेषा जागच्या जागी आडवी, काना मात्र कलंडलेला, अनुस्वाराचं टिंब लंबगोल. वर ठळक केलं की रेघ फुगते आणि आतली पांढरी जागा बुजते. 'ज्येष्ठ'मधला ष्ठ आणि 'वृद्धिंगत'मधला द्धि हे नुसते डाग उरतात. चांगला अक्षररचनाकार जाड अक्षर काढताना आधी ही पांढरी जागा वाचवतो. रेघ कुठं चोरायची हे जोडाक्षरागणिक वेगळं ठरवतो. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मोदक' नावाचा फॉन्ट आहे. त्यात अक्षरं इतकी गुबगुबीत की आतलं पांढरं जेमतेम रेषेपुरतं शिल्लक, तरी वाचताना अडत नाही. ताईंनी तो दाखवला तेव्हा तात्या हरखले. "वा! हे जेवलेलं अक्षर आहे!" मग हळूच, "तिरकं होतं का हो?"

हे वेड वरवरचं नाही, हेही सांगायला हवं. तरुणपणी ते वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती कापून वहीत चिकटवायचे. कमल शेडग्यांनी हातानं काढलेली शीर्षकं, प्रत्येक नाटकाची चण निराळी. ती वही उघडली की तात्यांचा आवाज खाली येतो. काना इथं का लांबवला, वेलांटी तिथं कशी वळवून घेतली, ते कागदाला बोट न लावता दाखवतात. "गरजेपेक्षा एक रेघ जास्त नाही बघ," असंही वर म्हणतात. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या नोटिशीत 'पाणी जपून वापरा' हे तिन्ही शब्द ठळक, तिरके आणि खाली दुहेरी रेघ. मी नुसतं बघितलं, तर म्हणाले, "गरज आहे. टाकी रिकामी आहे."

गंमत म्हणजे त्यांचं स्वतःचं अक्षर मुंगीएवढं आणि ताठ उभं. वाण्याची यादी वाचायला आम्हाला भिंग लागतं.

थोरले काका गेले तेव्हा उत्तरकार्याचं कार्डही तात्यांनीच करून घेतलं. ताईंनी सवयीनं नाव ठळक करून तिरकं केलं. तात्यांनी हात वर केला. "नको. सरळ राहू द्या. त्यांना आता कुठं जायचंय?" थोडा वेळ पडद्याकडे बघत बसले. मग बोट तळाशी नेत म्हणाले, "कार्यालयाचा पत्ता आणि वेळ मात्र तिरकी करा ताई. लोक अकराला सांगितलं की साडेबाराला येतात."