कलकत्त्याचा प्लेग आणि आमची भिशी

अहो, ऐकलंत का? आमची अकोल्याची धाकटी नणंद... हो, तीच, जठारपेठेतली. तिचा रात्री साडेदहाला फोन! २०२१ पासून दहानंतर फोन वाजला की माझ्या पोटात गोळाच येतो. मी म्हटलं, बाप्पा, कोणाचं काय झालं? तर ही रडतच म्हणते, "वहिनी, पोरगी हातची गेली."

आता अकरावीतली पोरगी. नीटचा क्लास. अकोल्यात काय हो, गल्लोगल्ली क्लास, बाहेरगावची पोरं खोल्या करून राहून राहिली... माझ्या मनात काय काय येऊन गेलं ते तुम्हाला सांगायला नको. आणि निघालं काय? फिजिक्सच्या पुस्तकाखाली लपवलेली इंग्रजी कादंबरी!

हसू नका. तिचं म्हणणं असं, की प्रेमाबिमाची असती तर समजून घेतलं असतं. ह्या पुस्तकात तर पानोपानी माणसं मरून राहिली. "डॉक्टरला दाखवू का?" म्हणे. मी म्हटलं, पोरगी आणि पुस्तक, दोन्ही इकडे अमरावतीला पाठव, बघते मी. तर त्या आपल्या गिनीज बुकात नाव गेलेल्या अकोला-अमरावती रस्त्यानं पोट्टी आली, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत आईचे फोनवर फोन.

तर काय सांगत होते... पुस्तक. 'एम्प्टी वर्ल्ड' नाव. लिहिणारा जॉन ख्रिस्तोफर नावाचा इंग्रज, १९७७ चं पुस्तक. आणि गंमत म्हणजे हे त्याचं खरं नाव नव्हेच! खरा तो सॅम्युअल यूड. नाव कशाला बदललं असेल हो... जाऊ द्या. लहानसंच आहे, दुपारी कूलरसमोर पडून वाचलं मी. भिशीत नुसता विषय काढला, तर ज्यांनी दिवाळी अंकातलं राशिभविष्य सोडून दहा वर्षांत काही वाचलं नसेल, त्याही माना पुढे करून ऐकायला लागल्या.

गोष्ट अशी. नील नावाचा पंधरा वर्षांचा मुलगा. घरचे सगळे गाडीच्या अपघातात गेले, हा एकटा उरला, आजी-आजोबांकडे एका लहानशा गावात राहतो. मग येतो रोग. तोही काय रोग म्हणावा! ताप येतो, उतरतो, माणूस म्हणतो, चला, सुटलो. आणि मग बघता बघता म्हातारा होतो. चाळिशीचा माणूस ऐंशीचा दिसायला लागतो आणि जातो. आधी जातात म्हातारे, मग आईबापांच्या वयाचे, मग पोरंसुद्धा. समोरच्या काकू म्हणाल्या, "म्हणजे आपण पहिल्याच पानावर खलास!" सगळ्या हसल्या. काकूंना गेल्याच महिन्यात पंच्याहत्तरावं लागलं, त्या मात्र हसल्या नाहीत.

कोपऱ्यावरच्या बाईंना तो नील काही आवडला नाही. म्हणे, "आजी गेली, आजोबा गेले, आणि हे पोट्टं रडतसुद्धा नाही? दगड आहे का?" मला तर उलट तिथंच लेखक पक्का वाटला. त्या पोराचं रडणं आधीच्या अपघातातच आटून गेलेलं, हे तो कुठं समजावून सांगत बसत नाही, पोराला नुसता कामाला लावतो. डबे गोळा कर, दोन लहानगी सापडली तर त्यांना खाऊ घाल. टॉमी आणि सूझी नावाची. हा पंधरा वर्षांचा, आणि त्यांचा आईबाप होऊन बसलेला. आणि मग ती दोघं पण... नको, ते तुमचं तुम्हीच वाचा.

तर कोपऱ्यावरच्या बाई "दगड" म्हणाल्या आणि आतापर्यंत मोबाईल चाळत बसलेली आमची भाची मान वर करून म्हणाली, "मामी, माझ्या वर्गातल्या एकाचे बाबा कोविडमध्ये गेले ना, तो पण नव्हता रडला. दुसऱ्या दिवशी ऑनलाइन क्लासला आला होता. फक्त कॅमेरा बंद होता त्याचा." बाई, काय सांगू! पातळ पोह्यांचा चिवडा खाता खाता हात थांबले सगळ्यांचे.

मग कोणीतरी विषय बदलला. बदलायलाच हवा होता.

आता खरी बोंब ऐका. त्या रोगाचं पुस्तकातलं नाव काय असेल? कलकत्ता प्लेग! हो ना! रोग सुरू होतो आपल्या कलकत्त्याला, तिथं माणसं मरतात पटापटा, आणि गोष्ट मात्र सगळी इंग्लंडातल्या एका पोराची. कलकत्त्यात कोण उरलं, कसं जगलं, ह्याचं ह्या यूडसाहेबांना काही पडलेलं नाही. आमच्या गल्लीतले रिटायर हेडमास्तर, बायकोला न्यायला आले होते ते दारातच अडकले. ते म्हणाले, ह्याच्या आधीच्या, १९५६ च्या 'डेथ ऑफ ग्रास'मध्ये गवत आणि धान्य खाणारा रोग चीनमधून येतो. म्हणजे काही वाईट आलं की पूर्वेकडूनच! मास्तरांची बायको म्हणाली, "आत येऊन बसा नाहीतर घरी चला." ते आत येऊन बसले.

मी म्हटलं, मास्तर, इंग्रजाला कशाला नावं ठेवता? २०२१ चा फेब्रुवारी विसरलात? आठवतंय ना... सोमवारी, २२ तारखेला रात्री आठपासून आपल्याला कुलूप लागलं, बाकी महाराष्ट्र अजून लग्नं करत होता. इथल्या नमुन्यांत विषाणूचा काही बदल दिसला, आणि झालं! 'अमरावती स्ट्रेन'! सगळीकडे तेच. आमचे पुण्याचे एक नातेवाईक, नाव घेत नाही, त्यांच्या मुलाचं लग्न होतं. त्यांचा फोन. आवाजात साखर. "नाही म्हणजे, तुम्ही यायलाच हवं असं काही नाही हं, आशीर्वाद तिथूनही पोचतात." आमच्या ह्यांचा चेहरा असा पडला! आहेराची पैठणी मी कपाटातून काढलेली, ती परत ठेवली. बरं, पुढे महिन्याभरात पुण्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा कोणी पुणे स्ट्रेन म्हटलं का?

मास्तर म्हणाले, म्हणूनच तर जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच वर्षी ३१ मे रोजी अल्फा, बीटा, डेल्टा अशी ग्रीक अक्षरं वाटून टाकली, कोणत्या गावाच्या कपाळी रोग नको. आणि १९१८ चा तो स्पॅनिश फ्लू, तो काही स्पेनच्या पोटी जन्मला नव्हता. लढाई चालू होती, बाकीच्यांनी बातम्या दाबल्या, स्पेनच्या पेपरांनी छापल्या, म्हणून त्यांच्या नावावर चढला. इकडे त्यालाच बॉम्बे फीव्हर म्हणायचे. माझ्या आजेसासूबाई मानमोडीचं साल म्हणायच्या. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात तर त्या सालचं मरण देशात सगळ्यात वरच्या आकड्यांत होतं. आजेसासूबाई त्याबद्दल एवढंच सांगायच्या की विहिरीवर पाणी काढायला माणूस उरला नव्हता. पुढे विचारलं की उठून तुळशीपाशी जायच्या.

तर काय सांगत होते... हं, शेवट. शेवट सांगू नये म्हणतात, पण मला कुठं राहवतंय!

नील लंडनला जातो. तिथं त्याला लूसी आणि बिली अशा दोन मुली भेटतात. तिघं एका घरात राहतात. लूसीचं आणि ह्याचं जमायला लागतं, आणि बिलीच्या मनात विष कालवतं. ती एक दिवस चाकू घेऊन ह्याच्यावर धावते. हा जखमी. मग ही दोघं तिला बाहेर काढून दार लावून घेतात, आणि ती बाहेरून विनवण्या करते. अख्खं लंडन रिकामं, आणि एक मुलगी दारात. उघडायचं की नाही? एवढाच प्रश्न. डबाबंद अन्न, मोटारी, बंगले, सगळं फुकट पडलेलं आहे त्या पुस्तकात. कशाचाच तुटवडा नाही. अडतं ते दारापाशी.

आणि इथं कोपऱ्यावरच्या बाई तावातावानं म्हणाल्या, "मुळीच उघडू नये! जिनं चाकू मारला तिला घरात घ्यायचं? आपला जीव आधी!"

अहो, खोली गप्प. कारण तुम्हाला माहीतच आहे ना... कोविडमध्ये त्यांच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू, ती दवाखान्यात नोकरी करते ती, ती पॉझिटिव्ह निघाली तेव्हा ह्यांनी जिन्याच्या दाराला खालून कडी घातली होती. गल्लीत कोणाला ठाऊक नाही? आणि ती भाडेकरू तिथंच बसलेली! भिशीचा नंबर ह्या महिन्यात तिचाच. पैसे मोजता मोजता, मान वर न करता ती म्हणाली, "पुस्तकातल्या पोरीचं बरं आहे. ती निदान बाहेर होती. माझी कडी बाहेरून होती."

कोपऱ्यावरच्या बाईंचा चेहरा... नाही, मी सांगूच शकत नाही. समोरच्या काकूंनी एकदम "चहा टाकते" म्हणून घाई केली, घर माझं, चहा त्या टाकणार! मास्तर छताकडे बघायला लागले. आणि आमची भाची, हिला पाचपोच कमीच, म्हणते, "मामी, नील शेवटी दार उघडायला जातो."

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरून वरच्या मजल्यावर पाटोडी गेली म्हणे, डबा भरून. डबा अजून खाली आलेला नाही. धुणंभांड्याची बाई सांगत होती, ओट्यावर घासून पालथा घातलाय. आता तो कधी परत जातो आणि त्यात काय भरून जातं, ह्याकडे अख्ख्या गल्लीचं लक्ष लागून राहिलं आहे.

तर काय सांगत होते... मला त्या पुस्तकात एक पटलं नाही. नातेवाईकच नाहीत हो त्यात! आपल्याकडे असं होईल का? सगळे मेले तरी एक काका उरतोच. कोविडमध्ये आईबाप दोन्ही गेलेली मुलं, त्यांच्या नावावर राज्यानं २०२१ च्या जूनमध्ये पाच-पाच लाखांची ठेव करायचं ठरवलं, आपल्या तिवशाच्या यशोमतीताई ठाकूर महिला व बालविकास खात्याच्या मंत्री होत्या तेव्हा. केंद्राचे वेगळे, वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख. चांगलंच झालं. पण ठेव होणार कळल्यावर जे कधी दिवाळीला डोकावले नव्हते त्या लोकांना भाच्या-पुतण्यांचा कसा उमाळा आला, ते मी आमच्याच ओळखीत पाहिलं आहे. नील दुकानाचं दार ढकलून हवं ते घेतो. आपलं पोरगं मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचं पासबुक आणि कोण पालक होणार ह्याचं भांडण, एवढं सगळं घेऊन खिडकीपाशी उभं असतं. त्याच्यावर लिही म्हणावं कादंबरी!

मास्तर म्हणाले, ह्याहून मोठी गोष्ट आपल्याकडे पडून आहे. १८९७ चा प्लेग. मुंढव्याच्या गायकवाडांचं पोर, अस्पृश्य वस्तीतलं. त्याला गाठ आली तेव्हा सावित्रीबाई फुल्यांनी पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात नेलं. पोर वाचलं, आणि १० मार्चला बाई गेल्या. बाईंवर ढीगभर पुस्तकं, ते योग्यच आहे. पण त्या वाचलेल्या पोराचं काय? आपण जगलो आणि जिनं उचलून आणलं ती गेली, हे घेऊन ते पोर मोठं कसं झालं असेल? भाची म्हणाली, "मग लिहा ना सर तुम्ही. आम्हाला तरी कुठं इंग्लंडातलीच मरणं वाचायची हौस आहे!" मास्तरांची बायको म्हणाली, "ते पेन्शनचा अर्जसुद्धा माझ्याकडून लिहून घेतात."

आता एक कानगोष्ट, हसण्यावारी नेऊ नका. पुस्तकात पीटर नावाचा मुलगा आहे. एकटेपणाला कंटाळून तो गळफास घेतो, आणि नील त्याच्या दारी पोचतो तेव्हा फार उशीर झालेला नसतो हो, थोडक्यात चुकामूक. थोडा थांबला असता तर सोबत मिळाली असती. ते पान वाचलं आणि मी पुस्तक मिटून भाचीच्या खोलीत जाऊन बसले. म्हटलं, क्लासच्या खोलीवर एकटी राहणारी तुझी एखादी मैत्रीण आहे का? तर आहे म्हणे, बुलढाण्याकडची. तिला पुढच्या रविवारी जेवायला बोलावलं आहे.

म्हणून माझं मत विचाराल तर असं. पुस्तक चांगलं आहे, घट्ट लिहिलेलं, उगाच उपदेश नाही. कलकत्त्याबाबत लेखक कोता, माणसाबाबत खरा. तेरा-चौदाच्या आतल्याला देऊ नका. त्यापुढच्याला द्या, पण आधी स्वतः वाचा, आणि पोरगं वाचत असेल तेव्हा घरात राहा. आमची प्रत सध्या समोरच्या काकूंकडे आहे. त्यांच्यानंतर तुम्हाला हवी असेल तर आत्ताच सांगून ठेवा, कारण कोपऱ्यावरच्या बाईंनीही काल हळूच विचारून ठेवलं आहे.