चुकीच्या घराण्यात घातलेला आपला नातेवाईक

प्लॅस्टिकच्या डायनासोरांचं कुठलंही पाकीट फोडा. त्यातून आखूड पायांचा, पाठीवर भलंमोठं शीड उभारलेला एक प्राणी हमखास बाहेर पडतो. त्याचं नाव डायमेट्रोडॉन, आणि तो डायनासोर नाही. हे मी पहिलीतल्या भाच्याला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे विचारलं, "मग तो पाकिटात कसा?" पुराव्याच्या बाबतीत आमच्या घराण्यात पाकिटावर छापलेलं ते ब्रह्मवाक्य.

खरं तर पहिला डायनासोर अवतरण्याच्या सुमारे चार कोटी वर्षं आधीच हे महाशय जगाचा निरोप घेऊन गेले होते. टी-रेक्सचा आणि त्यांचा काळ यांत तर वीस कोटी वर्षांचं अंतर. टी-रेक्स आणि आपण यांच्यात मात्र जेमतेम साडेसहा कोटींचं. तरीही चित्रांत दोघं शेजारीशेजारी उभे राहून डरकाळ्या फोडतात!

या घोळात विद्वानांचाही हातभार आहे. १८४५ च्या सुमारास कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर विहीर खणताना एक जबडा सापडला. १८५४ मध्ये जोसेफ लायडी यांनी त्याचं बारसं केलं, तेही वरचा जबडा खालचा समजून. पुढे बराच काळ तो डायनासोरचा मानला गेला. तो डायमेट्रोडॉनचा, हे ठरायला २०१५ साल उजाडलं. रेशनकार्डावरचं चुकलेलं नाव दुरुस्त व्हायला आपल्याकडे वेळ लागतो म्हणून उगाच कुरकुरू नये.

दरम्यान १८७८ मध्ये एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी टेक्सासमध्ये सापडलेल्या हाडांवरून 'डायमेट्रोडॉन' हे नाव ठेवलं होतं. आता खरी गंमत ऐका. हा प्राणी सरड्याच्या नव्हे, आपल्या गोतावळ्यातला! थेट आजोबा नाही, पण सस्तन प्राण्यांच्या चुलत घराण्यातला नक्की. मोठा गडी चार मीटरपर्यंत लांब, आणि गोड्या पाण्यातले शार्कसुद्धा खाणारा. असा नातेवाईक असून आपण लग्नाच्या यादीत मात्र कुणाकुणाची नावं घालतो!

ते शीड म्हणजे मणक्यांतून वर वाढलेल्या लांबलचक काट्यांवरचा पडदा. उन्हात अंग तापवायला तो असावा, असं पूर्वी मानत. आता बरेच संशोधक म्हणतात, दिखाव्यासाठी. केवळ रुबाबापायी एवढं ओझं जन्मभर पाठीवर वागवायचं, म्हणजे घराणं आपलंच, शंका नको.

तरीही पुरावा हवा? कानशिलावर बोटं ठेवा आणि चिवडा चावा. तिथे हलणाऱ्या स्नायूला जागा देणारी, डोळ्यामागची कवटीतली एकच खिडकी डायमेट्रोडॉनलाही होती. बहुतेक डायनासोरांना तिथे प्रत्येक बाजूला दोन. तेव्हा यापुढे कुणी त्याला डायनासोर म्हणालं, तर घरच्या माणसाचा अपमान समजून जरूर भांडा.