जुडगा हलका करा

गाडीत दोष निघाला तर कंपनीने काय करावं, याचं सर्वांत कल्पक उत्तर अमेरिकेच्या जनरल मोटर्सने देऊन ठेवलं आहे. आपल्या कंपन्यांनी, आणि जमल्यास महापालिकांनीही, ते एकदा अभ्यासावं.

शेव्हरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे गाड्यांच्या इग्निशन स्विचची पकड ढिली होती. गुडघा लागला किंवा चाव्यांचा जुडगा जड असला, की धावत्या गाडीत चावी मागे फिरे. इंजिन बंद, पॉवर स्टीअरिंग बंद, एअरबॅगही बंद. एअरबॅगचं म्हणणं बिनतोडच होतं: बंद गाडीला कसला आलाय अपघात?

तक्रारी आल्यावर २००५ मध्ये कंपनीने डीलरांना पत्रक धाडलं. स्विच बदला, असं त्यात नव्हतं. जुडग्यातल्या नको त्या वस्तू काढून टाकायला ग्राहकाला सांगा, असं होतं. चालक बुटका आणि जुडगा जड असेल तर हा प्रकार जास्त संभवतो, हेही नमूद होतं. म्हणजे स्विच ठीकच होता, ग्राहकाची उंची बसत नव्हती. आपल्याकडे असं पत्रक आलं असतं तर घरोघरी भांडणं झाली असती. कपाटाची चावी काढायची, दुकानाच्या शटरची, की जेजुरीहून आणलेला खंडोबा? आणि आईंच्या तिजोरीच्या चावीला हात कोण लावणार?

पुढे २००६ मध्ये स्विच गुपचूप सुधारला गेला. पार्ट नंबर मात्र जुनाच ठेवला. मग कंपनीचेच इंजिनिअर वर्षानुवर्षं डोकं खाजवत बसले, की जुन्या गाड्या दगा देतात, नव्या देत नाहीत, आणि पार्ट तर तोच! अखेर अशाच गाडीच्या अपघातात दगावलेल्या एका तरुणीच्या आईवडिलांच्या वकिलाने नेमलेल्या तज्ज्ञाने दोन स्विच खोलून शेजारी ठेवले, तेव्हा उलगडा झाला.

कंपनी मात्र तोवर स्वस्थ नव्हती. २००८ मध्ये कर्मचाऱ्यांना ६९ शब्द टाळायला शिकवलं गेलं. ‘दोष’ म्हणायचं नाही, ‘रचनेनुसार काम करत नाही’ म्हणायचं. ‘चाकांवरची शवपेटी’ अशा उपमाही बाद. (उपमांवर बंदी घालावी लागली, यावरून कारखान्यात वाङ्मय किती जोरात होतं ते कळतं.) बैठकांची तऱ्हा २०१४ च्या चौकशी अहवालात आहे: सगळ्यांनी मान डोलवायची, बाहेर पडल्यावर कुणी काही करायचं नाही. याला आतले लोक ‘जीएम नॉड’ म्हणत. मंत्रालयात या मुद्रेला अजून नाव नाही, एवढाच काय तो आपला मागासलेपणा.

फेब्रुवारी २०१४ मध्ये रिकॉल, म्हणजे गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं, सुरू झाला आणि वाढत वाढत २६ लाख गाड्यांवर गेला. दुरुस्ती अर्थातच मोफत. संसदीय सुनावणीत स्विचची किंमत निघाली ५७ सेंट, तेव्हाच्या भावाने पस्तीसेक रुपये. तेवढ्यात धड कीचेनही येत नाही. नवे स्विच येईपर्यंत मालकांना सल्ला काय? चावी एकटीच लावा. नऊ वर्षांत तंत्रज्ञानाने घेतलेली झेप ती ही.

कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. सरकारने ९० कोटी डॉलर घेऊन प्रकरण मिटवलं. कोणाही व्यक्तीवर खटला झाला नाही. माना डोलवणं हा गुन्हा नव्हे.

आपल्याकडे २०१२ पासून रिकॉल ही कंपन्यांची स्वेच्छा होती. १ एप्रिल २०२१ पासून नियम आला. सरकारी सक्तीसाठी आधी तक्रारींचा ठरावीक आकडा भरायला हवा, दंड जास्तीत जास्त एक कोटी, आणि गाडी सात वर्षांच्या आतली हवी. बँकांचं गाडीचं कर्जही साधारण सात वर्षांपर्यंतचंच असतं. शेवटचा हप्ता फिटला, गाडी खऱ्या अर्थाने आपली झाली, की तिचा दोषही आपलाच.